गर्दीत चालवतात तशी

ट्रकनं हॉर्न दिला आणि चांगुणाबाईंनी सायकल सरळ बाभळीच्या झुडपात घातली.

दीक्षा पळत आली. मायच्या पदरातले काटे काढता काढता तिला हसू आवरेना. “माय, ट्रक पार पलीकडच्या अंगानं चालला होता. तू कशाला घाबरलीस?”

“माझ्यावरच वरडला की त्यो,” चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी हँडल सरळ केलं आणि पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

मायलेकी नळदुर्गात राहायच्या. हायवेच्या पलीकडं आत एक वाडी होती. तिथल्या शाळेतल्या पोरांची खिचडी चांगुणाबाई शिजवायच्या. त्या वाटेला जीप जात नव्हती. नवरा, बाबू, होता तोवर तोच त्यांना सायकलवर सोडायचा. तो गेला तेव्हा दीक्षा सोलापूरहून नर्सिंग शिकून नुकतीच परतली होती. तिनं गावातच एका दवाखान्यात काम धरलं आणि बापाची सायकल हातात घेतली. रोज सकाळी मायला कॅरिअरवर बसवून वाडीत सोडायचं, दुपारी आणायचं. हायवे आला की माय डोळे गच्च मिटून तिची कंबर धरायची.

मग पुण्याहून बोलावणं आलं. मोठा दवाखाना, चांगली नोकरी. राहायला खोली मिळाली ती लांब, पण सायकलनं जाता येईल अशी. सगळं जुळत होतं. दीक्षाचं मन मात्र घेईना. माय इथं, आपण तिथं. हिला कोण सोडणार, कोण आणणार?

“तू येणार नसलीस तर मी बी जात न्हाय,” तिनं एका संध्याकाळी सांगून टाकलं.

चांगुणाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. बराच वेळ त्या सुपाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग मला सायकल शिकव. गर्दीत चालवतात तशी.”

दीक्षानं सुपासकट मायला मिठी मारली. ज्वारी घरभर झाली.

सोलापुरात सायकलवर पडतधडपडत जे शिकली होती, ते सगळं तिनं मायला तोल सांभाळण्यापासून शिकवायला घेतलं. रस्त्याच्या अगदी कडेला चिकटायचं नाही, चिकटलं की गाड्या आणखी दाबत येतात. वळायच्या आधी मागं बघायचं, हात बाहेर काढायचा. बस वळत असली तर तिच्या डाव्या अंगाला घुसायचं नाही, ड्रायव्हरला आपण दिसतच नसतो. गावात सिग्नल नव्हता, म्हणून दीक्षाच सिग्नल व्हायची. तिनं लाल ओढणी वर धरली की मायनं थांबायचं. एकदा माय थांबलीच नाही, मागून येणारा बैलगाडीवाला म्हातारा मात्र कासरा ओढून उभा राहिला आणि काळजीनं म्हणाला, “काय झालं गं, पोरी?”

“उभ्या गाडीजवळनं जाताना दाराएवढी जागा सोडायची,” दीक्षा रोज बजावायची. एके दिवशी ढाब्यासमोर खरंच एका क्लीनरनं ट्रकचं दार धाडकन उघडलं. चांगुणाबाई लांबून सुळकन निघून गेल्या. वर घंटी वाजवून त्याला दम दिला. दीक्षाला वाटलं, झालं. आता हिला पुण्यात कसली भीती?

एकच गोष्ट माय पुन्हापुन्हा विचारायची. “एवढ्या गाड्यांतनं रस्ता वलांडायचा कसा?”

“उतरायचं. सायकल हातात धरायची. दोन्हीकडं बघायचं. मोकळं दिसलं की निघायचं आणि मधेच मन बदलायचं न्हाय.”

“मधेच मन बदलायचं न्हाय,” माय घोकायची.

पुण्याला होकार कळवायचा दिवस आला. खोली दोघींसाठी सांगून ठेवायची, असं दीक्षानं मनाशी धरलं होतं. त्या सकाळी हायवेपाशी येताच चांगुणाबाई म्हणाल्या, “आज मी माझी मी जाते. तू हितंच थांबून बघ.”

दीक्षा थांबली. चांगुणाबाई उतरल्या. एक एसटी गेली, पाठोपाठ दोन ट्रक गेले. त्या हलल्या नाहीत. मग रस्ता मोकळा झाला आणि त्या निघाल्या, मान ताठ, डोळे टक्क उघडे. दुभाजकापाशी थांबल्या, पुन्हा बघितलं आणि पलीकडं पोचल्या.

दीक्षानं टाळ्या वाजवल्या. “माय, तिथंच थांब! मी आले की मागं बस!”

पण चांगुणाबाई सीटवर बसल्या. सायकलचं तोंड त्यांनी वाडीच्या वाटेला केलं.

“अगं, कुठं चाललीस?”

“शाळंला.”

“एकटी?” दीक्षाला काही उमगेना. “पुण्यात चालवायला शिकलीस ना तू?”

“मी कवा म्हणाले पुण्याला येते म्हणून? सायकल शिकव म्हणाले.”

मधून एक लांबलचक ट्रेलर गेला. तो सरेपर्यंत दीक्षाला माय दिसेना. ‘तू येणार नसलीस तर’ हे आपलेच शब्द तिला आठवले, आणि त्यानंतर सुपाकडं बघत राहिलेली माय आठवली. ट्रेलर गेला. माय तिथंच होती, एक पाय जमिनीवर टेकवून, तिच्याकडंच बघत.

“जा, बाई, पुण्याला,” चांगुणाबाई पलीकडून ओरडल्या. “आता मला सोडायला तू थांबायला नगं.”