आत्ता हे पान वाचणारे

भाऊ गेल्यावर त्याची निवडुंगांची वेबसाइट बंद होणार, म्हणून ताईंनी तिचं पान कॉम्प्युटरवर सेव्ह करून घेतलं. तळाशी आकडा होता, 'आत्ता हे पान वाचणारे : १'. म्हणजे त्या स्वतः.

आज तिथे २ दिसत होता.

दुरुस्तीवाल्याने आधी इंटरनेटची वायर काढली. "ही नुसती एचटीएमएल फाइल आहे, ताई. सेव्ह करताना जो आकडा होता तोच राहणार. आपोआप बदलायचा नाही."

"मग बघा तुम्हीच."

तो खुर्ची ओढून शेजारी बसला. आकडा ३ झाला.

तो सावकाश उठला, खोलीबाहेर गेला.

"आता?" त्याने बाहेरूनच विचारलं.

मागे वळून न बघता ताई म्हणाल्या, "दोन."