किरकिरणारी लेन्स

गिऱ्हाइकांचे नाना नखरे पाहिलेल्या दुकानदाराने या ताईंपुढे मात्र हात टेकले. कॅमेऱ्याची जुनी लेन्स पडून फुटली होती आणि ताईंना हुबेहूब तशीच हवी होती.

"अहो ताई, व्हिडिओसाठी ही नवी घ्या. फोकस करताना हूं की चूं करत नाही. तुमच्या जुनीची किरकिर थेट व्हिडिओत उतरते."

"मला किरकिरणारीच द्या, दादा."

"कानांशी काही वैर आहे का तुमचं?" दुकानदार हसला. ताई हसल्या नाहीत.



"शूटिंग नेहमी आमचे हेच करायचे, म्हणून एकाही व्हिडिओत दिसत नाहीत. आता हे गेले, तरी मी शूटिंग करताना ती किरकिर ऐकली की आमची चिमुरडी टाळ्या पिटते, 'बाबा आले!' म्हणते."