शेजारचा विस्तव

गिरजाच्या चुलीतला विस्तव रात्रीत विझायचाच. झोपताना निखारे राखेत झाकून ठेवायचे, एवढं साधं काम तिच्या लक्षात राहायचं नाही. मग रोज सकाळी खापर घेऊन ती शेजारच्या ठकूकाकूंच्या दारात हजर. काकू दोन निखारे घालायच्या आणि वर ऐकवायच्या, “तुझ्या घरात मेला विस्तव कधी टिकायचाच नाही!”

आणि एके दिवशी मुंबईच्या कोटात, त्यांच्या आळीजवळच्या बाजाराला आग लागली. वाऱ्यानं ती अशी उधळली, की संध्याकाळपर्यंत गिरजाचंही घर उरलं नाही आणि काकूंचंही. माणसं तेवढी वाचली. सगळी आळी कोटाबाहेर मैदानात येऊन बसली, कुणी वाटलेले कोरडे पोहे खात. चूल पेटवायचं नाव काढलं तरी बायकांच्या अंगावर काटा यायचा.

पोरं गरम भातासाठी रडायला लागली, तेव्हा गिरजा पदर खोचून उठली. घराच्या जागी गेली, पडलेल्या आढ्याखालची राख उकरली आणि निखाऱ्यांनी खापर भरून परतली. तीन दगड मांडून, मागून आणलेल्या पातेल्यात तिनं भात चढवला.

भाताला कढ आला, तशा ठकूकाकू आल्या. हातात खापर होतं, पण मागायची सवय नव्हती.

“गिरजे, जरा विस्तव...”

“घ्या की!” गिरजानं चांगले रसरशीत निखारे वेचून घातले. डोळे पुसायला धुराचं निमित्त होतंच. मग ती हसली.

“बघा काकू, टिकला की नाही माझ्या घरात विस्तव?”