बसलं की पाय वर

चौघं एकदम खाटेशी येऊन उभे राहिले, तेव्हाच रूपरावने पाय चादरीखाली ओढून घेतले.

एकेकटं कुणी आलं तर भिण्याचं कारण नसे. तानाबाई सिस्टर यायच्या, पट्टी बदलून जायच्या. व्यायामवाले यायचे, पायाची बोटं ओढून-वाकवून जायचे. डॉक्टर जखमेत डोकावून ‘छान’ म्हणायचे. पण सगळे मिळून आले की काय होतं, ते त्याने शेजारच्या पुनाजीच्या खाटेवर पाहिलं होतं. असेच सगळे पुनाजीच्या पायाभोवती जमले, हळू आवाजात बोलले, आणि डॉक्टरांनी गुडघ्याखाली निळ्या पेन्सिलीने रेघ ओढली. पुनाजीला ऑपरेशनहून परत आणलं तेव्हा चादरीखाली एकच पाय होता.

आज डॉक्टर, सिस्टर आणि व्यायामवाल्यांसोबत एक नवा माणूस होता. अबोल, बगलेत जाड कागदाची गुंडाळी.

“उभे राहा,” डॉक्टर म्हणाले.

कागद फरशीवर पसरला. रूपराव त्यावर उभा राहिला. त्या माणसाने कानावरची पेन्सिल काढली आणि उजव्या पायाच्या कडेकडेने रेघ ओढली. निळी. मग डाव्या पायाच्याही.

“डाव्याले काय झालं?” रूपरावने विचारलं. “जखम तं उजव्याले होती. तेही भरत आली.”

“डाव्याला अजून काही झालेलं नाही,” डॉक्टर म्हणाले आणि नव्या माणसाकडे वळले. “उद्यापर्यंत होईल?”

“होते साहेब. दोन्ही संगंच करतो.”

चौघं पुढच्या खाटेकडे गेले. ज्याचा पाय त्याला कुणी काही सांगितलं नाही. चार जाणती माणसं एकत्र आली की असंच होतं. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने सांगितलं असेल.

रूपरावचा महारोग गोळ्यांनी केव्हाच बरा झाला होता, पण जाताना दोन्ही पायांची जाणीव घेऊन गेला होता. चपलेचा खिळा उजव्या टाचेत घुसला, तेव्हा अंगणातले रक्ताचे डाग पाहून ओरडली ती त्याची बायको, नलू. त्याला मुंगी चावल्याइतकंही कळलं नव्हतं. जखम हाडापर्यंत गेली. या सगळ्यांनीच मिळून ती महिनोन्महिने राखली, भरून आणली. आणि आता हेच लोक दोन्ही पाय मागत होते?

“उजव्या टाचेवर जोर नाई द्याचा, रूपरावजी,” तानाबाई रोज बजावायच्या. “बसलं की पाय वर. अन् दोन्ही तळवे रोज डोयानं पाहात जा. दुखत नाई, तं डोयेच कामाले येते.”

तो मान डोलवायचा. उजवा तळवा इमानदारीने पाहायचा. डाव्यात काय पाहायचं?

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. वखरामागे चालणारा माणूस तो, उद्या नलूच्या हातच्या घासासाठी ओट्यावर बसून राहणार. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

उजाडताना तानाबाई गरम पाणी आणायला गेल्या, आणि रूपराव भिंत धरून बाहेर पडला. ती खिळ्याची चप्पल सिस्टरांनी पहिल्याच दिवशी फेकून दिली होती, म्हणून अनवाणीच. आर्वीची एसटी फाटकासमोरच थांबायची.

गाडी गच्च भरली होती. कंडक्टरने पायाची पट्टी पाहिली आणि त्याला पुढे, ड्रायव्हरच्या बाजूच्या बाकड्यावर बसवलं. मधल्या इंजिनाच्या झाकणावरची गादी कधीच फाटून गेली होती. उघड्या पत्र्यावर ड्रायव्हरने आपला भाजीचा डबा ठेवला होता.

“आर्वी येईपर्यंत मस्त गरम होते,” तो म्हणाला.

रूपराव पळाला खरा, पण सिस्टरांचा शब्द त्याला मोडवत नव्हता. त्याने डावी टाच झाकणावर टेकवली आणि पट्टीचा उजवा पाय अलगद तिच्या वर, घोट्यावर ठेवला. जखमेला काही लागायला नको.

शेजारी एक म्हातारा होता, भैय्याजी नावाचा. खरांगणा गाव मागे पडेपर्यंत तो त्या पट्टीकडेच पाहत होता.

“काऊन बावा, दवाखान्यातून पयून चालले काय?”

रूपरावला कुणाला तरी सांगायचंच होतं. त्याने चौघांचं, कागदाचं, निळ्या रेघेचं सगळं सांगितलं.

भैय्याजीने धोतर वर सरकवलं. मग त्याने आपले पाय पुढे केले. पायांत काळ्या मऊ रबराच्या चपला होत्या, मागून पट्टा.

“मलेही असंच कागदावर उभं केलं होतं. तो कागदवाला चांभार हाये दवाखान्याचा. चपला बनवून राह्यला तो तुमच्यासाठी. एकही खिया नाई यात.”

“मंग डाव्याले काऊन?”

“त्याले काही झालं नाई म्हणूनच! काही होऊ नये म्हणून.”

रूपरावने त्या चपला नीट पाहिल्या. मग हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने पुसलंही नाही. दोन्ही पाय त्याचेच होते!

“काही करपून राह्यलं का?” भैय्याजी नाक वर करून म्हणाला.

“माही भाजी लागली असंल,” म्हणत ड्रायव्हरने एका हाताने डबा उचलून मागच्या फळीवर ठेवला.

आर्वीच्या स्टँडवर गाडी थांबली. हीच गाडी परत जाणार होती, आणि रूपरावही तिनेच परत जाणार होता. तानाबाई रागावतील, रागावू देत. आजच नव्या चपला घालून तो सगळ्या वॉर्डात फिरणार होता.

“चाला, चहा घेऊ,” तो भैय्याजीला म्हणाला. “आज मी पाजतो.”

त्याने उजवा पाय जपून खाली घेतला. मग डावा उचलला. पाय आला, टाचेची कातडी पत्र्यावरच राहिली.