इस्मिनीचा आवाज

अथेन्सची लाडकी नटी इस्मिनी सव्विसाव्या वर्षी मोटार अपघातात गेली. तिच्या शेवटच्या सिनेमाचं चित्रण संपलं होतं, पण आवाज भरायचा राहिला होता. निर्माता तिच्या धाकट्या बहिणीकडे, शिवणकाम करणाऱ्या कालिरोईकडे आला. दोघींचा आवाज इतका सारखा, की फोनवर आईसुद्धा फसायची.

कालिरोई आधी नाही म्हणाली. मग आईकडे पाहून तयार झाली. थोरली गेल्यापासून आईने तोंडातून शब्द काढला नव्हता.

उन्हाळ्यात उघड्या थिएटरात सिनेमा लागला. काळ्या कपड्यांतली आई डोळे मिटून ऐकत राहिली. घरी परतताना ती पहिल्यांदा बोलली, "अजून थोडं बोल ना गं."

"काय बोलू, आई?"

"काहीही."

त्या दिवसापासून आई जेवू लागली. कालिरोईला ती इस्मिनी म्हणून हाक मारायची आणि कालिरोई ओ द्यायची. "चार दिवसांत येईल भानावर," ती शेजारणीला म्हणाली.

इस्मिनीला जाऊन सहा महिने झाले, तेव्हा चर्चमधल्या स्मरणप्रार्थनेला आईने मृतांसाठी ठेवतात ते उकडलेल्या गव्हाचं ताट स्वतः सजवलं आणि मृताच्या नावाची चिठ्ठी पाद्र्यांच्या हाती दिली. कालिरोई शेजारीच मेणबत्ती धरून उभी होती.

पाद्र्यांनी चिठ्ठी वाचली, "देवा, तुझ्या कालिरोईच्या आत्म्याला शांती दे."

आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "सावर गं, इस्मिनी. धाकटी होती आपली."