लाल रिबन

कड्यावरून पडल्यापासून अभिजित दोन वर्षं लखनौच्या घरात पलंगावरच होता. नाशिकचे त्याचे गिर्यारोहक मित्र एखाद्या कड्यावर नवी वाट चढून गेले, की तिचं नाव कोड्यात घालून त्याला फोनवर पाठवायचे. या खेळात तो कधी हरला नव्हता.

आजचं कोडं होतं : सुरुवातीला रात्र, मध्ये ‘त’, शेवटी लोखंड खातो तो.

“अरे यार, सोपं आहे! निशा, त, गंज. निशातगंज!”

मग त्याचं हसू गेलं. नाशिकच्या कड्यावरल्या वाटेला लखनौतल्या आपल्या मोहल्ल्याचं नाव कोण देईल? ते त्यानेच योजलं होतं, स्वतःच्या अर्ध्या राहिलेल्या वाटेसाठी, आणि फक्त बायकोला सांगितलं होतं. त्या वाटेवर खडकात ठोकलेल्या पहिल्या बोल्टला त्याची लाल रिबन होती. गिर्यारोहकांची रीतच तशी : रिबन असेपर्यंत ती वाट ज्याची रिबन त्यानेच पुरी करायची. त्याने हो म्हटल्याशिवाय दुसरं कोणी चढत नाही.

“विनीता, माझी रिबन कोणी सोडली?”

विनीता त्याच्या पायांना तेल लावत होती. तिने मान वर केली नाही.

“मीच त्यांना सांगितलं, अभिजित हो म्हणालाय. नावही मीच दिलं. मागच्या वर्षी, तुझे रिपोर्ट आले त्या दिवशी.”

त्यानंतरही रोज सकाळी तेल लावताना ती म्हणत आली होती, “दिवाळीपर्यंत उभा राहशील बघ.”