चार बोटे आखूड

रंगाऱ्याने कात्रीच्या टोकाने शेवटचा टाका उसवला आणि फ्रॉकची तिसरी घडी पूर्णपणे उलगडली.

घडीच्या आतील कापड अद्याप गर्द निळे होते. वरचा सर्व भाग ऊन-पाण्याने फिका पडला होता. त्यामुळे तळाशी एक नवीकोरी रेघ उमटली. रंगाऱ्याची आठ वर्षांची मुलगी तो फ्रॉक घालून खिडकीपाशी उभी राहिली. बाहेरच्या झाडाला गुलाबी बहर आला होता आणि त्याच्या पाकळ्या वाऱ्यासरशी थेट खोलीत येत होत्या.

फ्रॉक गुडघ्याच्या वर चार बोटे राहिला.

"खांद्याची बटणं शेवटच्या काजात घाल," तो म्हणाला.

"शेवटच्यातच आहेत, बाबा."

मुलीच्या आईने अंथरुणावर बसल्या बसल्या हा फ्रॉक हाताने शिवला होता. खाली तीन घड्या, खांद्याच्या पट्ट्यांना तीन-तीन काजे, अशी पुढील तीन वसंतांची तजवीज करून ती गेली. दर वसंतात एक घडी उसवायची, एवढेच शिवणकाम रंगाऱ्याला येत होते. चौथी घडी नव्हती.

"उद्या शाळेत फोटो आहे," मुलगी म्हणाली. "मी दुसरं काही घालणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

शेजारच्या शिलाईवाल्या मावशी गळ्यात टेप अडकवून दारात उभ्या होत्या. "पाय आहेत की बांबू गं तुझे? रात्रीत वाढतेस की काय!" मग त्या रंगाऱ्याकडे वळल्या. "द्या इकडे, भाऊ. खाली पट्टी जोडली की झालं. मशीनवर पाच मिनिटांचं काम."

"नको, ताई. हा हाताचा फ्रॉक आहे. तुम्ही नुसतं सांगा, मी करतो."

"तुम्ही?" मावशींनी क्षणभर त्याच्या जाड बोटांकडे पाहिले. "बरं, ऐका तर. नवं कापड घेऊ नका. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि जुन्याला ओढून पार चुरगाळून टाकतं. जुन्याला चांगलं धुऊन धुऊन मऊ झालेलं जोडायचं. चार बोटं हवी असतील तर सहा कापा. एक वर शिवणीत जातं, एक खाली दुमडायला. आणि टाके बारीक घाला. भिंत नाही ती, दोन हात मारले की झाकली!"

घरातील सर्वांत अधिक वेळा धुतलेले वस्त्र खुंटीवरच होते. तो त्याचा कामावरचा जुना शर्ट. कित्येक घरांचे रंग त्याच्यावर शिंतोड्यांच्या रूपाने राहिले होते: कोणाचे स्वयंपाकघर पिवळे, कोणाची गच्ची आकाशी, कोणाच्या बाळाची खोली गुलाबी. रंगाऱ्याने बोटांनी मोजून शर्टाच्या तळाची पट्टी कापली, स्टुलावर बसून फ्रॉक मांडीवर पसरला आणि सुई हाती घेतली.

प्रथम बोटाला टोचले. पुढे टोचेनासे झाले. दुपार संथ होत गेली. एक पाकळी फ्रॉकवर येऊन पडली, दुसरी आली. त्याने त्या झटकल्या नाहीत. पत्नीचे टाके वर होते, त्याचे खाली. तिचा एक, त्याचा एक, तिचा एक. ती पलीकडच्या टोकाने शिवत येत आहे आणि थोड्याच वेळात दोघांच्या सुया एकमेकींना भेटतील, असे त्याला वाटू लागले. म्हणून तो घाई करीत नव्हता. म्हणूनच सुई किती खोल जाते आहे, तेही त्याच्या ध्यानात आले नाही.

अखेर त्याने दोरा तोडला. "झाला!" असे म्हणून तो अभिमानाने उभा राहिला.

त्याच्याबरोबर फ्रॉकही उभा राहिला. तो त्याच्या मांडीवरून खाली लोंबू लागला.

मावशी दाराची चौकट धरून खाली बसल्या. "अहो, पँटीला शिवलात की! आता तुम्हीच जा फोटोला!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. मुलगीही खिदळली, परंतु लगेच बाबांच्या तोंडाकडे पाहू लागली.

मावशींनी सुईच्या टोकाने एक टाका उचलून पाहिला. तो हलेना. "इतके घट्ट घालतात का कोणी? हे उसवायला गेलं तर पट्टी फाटेल."

"उसवू नका," रंगारी म्हणाला. "पँट कापा."

"चांगली पँट आहे, भाऊ!"

"तीन वर्षं उसवतोच आहे, ताई. तुम्ही कापा."

मावशींनी कात्री फिरवली आणि पँटचा तळहाताएवढा तुकडा फ्रॉकच्या आतल्या बाजूला तसाच राहिला.

मुलीने फ्रॉक घातला. तो बरोबर गुडघ्याला टेकला. तिने स्वतःभोवती एक गिरकी घेतली, तसे पिवळे, आकाशी, गुलाबी ठिपके तिच्याभोवती फिरले आणि त्यांच्यात खऱ्या पाकळ्या कोणत्या, हे ओळखू येईना.

"आत काहीतरी जाड लागतंय," ती थांबून म्हणाली.

"तो मी आहे," रंगारी म्हणाला.

त्याच्या पँटीच्या भोकातून वारा आत येत होता. मुलगी जवळ आली. तिने ते भोक आपल्या तळव्याने झाकले आणि वर पाहिले.

"आणि पुढच्या वर्षी, बाबा?"

रंगाऱ्याने अंगातील शर्टाकडे पाहिले. त्याच्या बाहीवर सकाळीच हिरवा शिंतोडा उडाला होता.

"हाही जुना होतोय," तो म्हणाला.